दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरची रॅम: जीबी नंतर, आधी चॅनेल मोजा

सर्व्हरची रॅम वाढवायची निघाली की पहिला प्रश्न येतो, "किती जीबी टाकायची?" मी तो प्रश्न शेवटी घेते. दोन प्रोसेसरांच्या मशीनला आधी विचारायचं ते असं: एका प्रोसेसरला मेमरीचे चॅनेल (मेमरीकडे जाणाऱ्या स्वतंत्र वाटा) किती, त्यातले भरलेले किती, आणि दोन्ही बाजू सारख्या भरल्या आहेत का. ही उत्तरं कागदावर उतरली की स्टिक (रॅमच्या पट्ट्या) किती घ्यायच्या ते ठरतं आणि जीबीचा आकडा त्यातूनच निघतो. उलटा क्रम धरलात तरी मशीन चालू होईल, कुठेही लाल दिवा लागणार नाही, फक्त बँडविड्थचा (सेकंदाला जाऊ शकणाऱ्या डेटाचा) मोठा हिस्सा कायमचा वाया जाईल. काहीच बिघडलेलं दिसत नसल्यामुळे असली मशीन वर्षानुवर्षं तशीच चालत राहतात.

सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे. रॅम निवडण्यापासून ती बसून आठवडाभर नीट चालेपर्यंत मी काय काय बघते, ते इथे क्रमाने लिहितेय.

आत्ता आत काय आहे

झाकण न उघडताही बरंच कळतं. लिनक्स असेल तर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन डीएमआयडीकोड ही आतले भाग दाखवणारी आज्ञा चालवा आणि फक्त मेमरीचा भाग मागा. प्रत्येक स्लॉटची वेगळी नोंद येते: स्लॉटचं नाव, स्टिकचा आकार, रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपांचा गट), पार्ट नंबर. रिकाम्या स्लॉटपुढे 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड' दिसतं. यातल्या दोन ओळी नीट वाचा. 'स्पीड' म्हणजे स्टिकची स्वतःची क्षमता, आणि 'कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड' म्हणजे ती सध्या ज्या वेगाने धावतेय तो वेग. पहिल्या ओळीत २६६६ (सेकंदाला किती दशलक्ष ट्रान्सफर, तो हा आकडा) आणि दुसरीत २४०० दिसलं म्हणून स्टिक खराब ठरत नाही. प्रोसेसरची मर्यादा तेवढीच असेल, नाहीतर शेजारची एखादी जुनी स्टिक सगळ्यांना मागे ओढत असेल. याच यादीत 'मॅक्झिमम कपॅसिटी' अशीही एक ओळ असते. तिच्यावर विसंबू नका, ती बऱ्याचदा चुकीची असते. विंडोजवर पॉवरशेलमधून अशीच यादी काढता येते. मशीनला आयड्रॅक किंवा आयएलओ (सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) असेल तर ब्राउझरमध्येच सगळं मिळतं.

त्यानंतर न्यूमासीटीएल ही आज्ञा 'हार्डवेअर' पर्याय देऊन चालवा. नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याची स्वतःची मेमरी. नोड ० कडे किती एमबी आणि नोड १ कडे किती, ते दिसेल. आकडे जवळपास सारखे हवेत. डेटाबेस मंद चालतो अशी तक्रार आलेल्या एका मशीनवर मला नोड १ पुढे चक्क शून्य दिसलं होतं. कुणीतरी सगळ्या स्टिका पहिल्या प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये ओळीने बसवल्या होत्या. दुसऱ्या प्रोसेसरचे सगळे कोर प्रत्येक बाइटसाठी पहिल्याच्या दारात उभे! नवी स्टिक एकही न घेता, त्याच स्टिका दोन्हीकडे निम्म्या-निम्म्या वाटल्यावर तक्रार बंद झाली.

असं होण्याचं कारण सरळ आहे. मेमरीशी देवाणघेवाण करणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, प्रोसेसरच्या आतच असतो. एएमडीच्या ऑप्टेरॉनमध्ये तो २००३ पासून होता, इंटेलच्या दोन सॉकेटवाल्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) झिऑनमध्ये २००९ साली ५५०० मालिकेपासून आला. त्यामुळे बोर्डावरचा प्रत्येक स्लॉट कुठल्यातरी एकाच प्रोसेसरच्या मालकीचा असतो. दुसऱ्याच्या मेमरीतलं काही हवं असेल तर दोघांमधल्या दुव्यावरून जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. दुसरा सॉकेट रिकामा असेल तर त्याच्या बाजूचे स्लॉट निरुपयोगी. तिथे स्टिक लावली तरी ती कुणालाच दिसत नाही. 'चोवीस स्लॉट' अशी जाहिरात असलेल्या मशीनमध्ये प्रोसेसर एकच निघाला, तर वापरता येणारे स्लॉट बाराच.

पिढी ओळखा

मशीनच्या मॉडेलइतकंच प्रोसेसरचं पूर्ण नाव महत्त्वाचं. इंटेलच्या ई५-२६०० मालिकेत पहिली पिढी २०१२ ची आणि व्ही२ २०१३ ची, दोन्ही डीडीआर३ वर चालतात. २०१४ चा व्ही३ आणि २०१६ चा व्ही४ डीडीआर४ वर. चौघांनाही प्रत्येकी चार चॅनेल. २०१७ च्या झिऑन स्केलेबलपासून सहा चॅनेल झाले, २०१९ ची दुसरी पिढीही सहाचीच. २०२१ च्या तिसऱ्या पिढीत आठ चॅनेल आले आणि २०२३ च्या चौथ्या पिढीत आठ चॅनेल ठेवून डीडीआर५ आली. एएमडीच्या एपिकला २०१७ च्या पहिल्या पिढीपासून आठ चॅनेल आहेत, आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या ९००४ मालिकेत बारा.

एकाच मालिकेतही वेग वेगवेगळा असतो, आणि इथे पुष्कळ जण फसतात. पहिल्या स्केलेबल पिढीची कमाल मर्यादा २६६६, पण सिल्व्हर ४१०० मालिका २४०० वर थांबते आणि ब्राँझ ३१०० तर २१३३ वरच. ई५-२६२० व्ही४ ची मर्यादाही २१३३, जरी त्या पिढीचा वरचा वेग २४०० असला तरी. जास्त वेगाची स्टिक कमी वेगाच्या मशीनमध्ये सहसा चालते, मशीनच्या वेगाने. तिच्यासाठी जादा पैसे मोजण्यात मात्र अर्थ नाही. क्षमतेलाही कमाल मर्यादा असते. पहिल्या स्केलेबल पिढीचे साधे प्रोसेसर सॉकेटमागे ७६८ जीबीच्या पुढे जात नाहीत. नावाच्या शेवटी 'एम' असलेलेच दीड टीबीपर्यंत पोचतात.

डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि ५ दोघींना २८८, पण त्या दोघींची खाच वेगवेगळ्या जागी असते. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका, हातात आहे ती स्टिक त्या स्लॉटची नाहीच.

स्टिकवरचा स्टिकर

या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो हा कागदाचा तुकडा. टॉर्च घ्या, आणि फोनने जवळून फोटो काढून मोठा करून वाचा. अक्षरं फार बारीक असतात. समजा लिहिलंय: ३२जीबी २आर×४ पीसी४-२६६६व्ही-आर आणि पुढे काही अक्षरं-आकडे.

'२आर' म्हणजे दोन रँक. '×४' म्हणजे स्टिकवरची प्रत्येक चिप एका वेळी चार बिट देते. 'पीसी४' म्हणजे डीडीआर४, २६६६ हा वेग. वेगाला चिकटून येणारं अक्षर लेटन्सीचा (उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग सांगतं: २१३३ ला पी, २४०० ला टी, २६६६ ला व्ही, २९३३ ला वाय, ३२०० ला एए. या अक्षरामुळे सहसा काही अडत नाही. अडतं ते पुढच्या डॅशनंतरच्या पहिल्या अक्षरामुळे. तिथे 'आर' असेल तर ती रजिस्टर्ड (सिग्नल पुढे पोचवणारी रजिस्टर चिप असलेली), म्हणजे आरडिम. 'एल' असेल तर एलआरडिम, जिच्यावर डेटासाठीही बफर चिप असतात. 'ई' असेल तर ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करायची सोय) असलेली पण रजिस्टर नसलेली, आणि 'यू' असेल तर घरच्या डेस्कटॉपची साधी स्टिक.

झिऑन स्केलेबल आणि एपिकच्या सर्व्हरना आर किंवा एल लागते. ई आणि यू बाजूला ठेवा. 'ईसीसी आहे म्हणजे सर्व्हरला चालेल' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि त्यावर विसंबून आलेल्या ई-वाल्या स्टिका परत पाठवताना फार वेळा पाहिल्यात. आर आणि एल एकाच मशीनमध्ये मिसळायच्या नाहीत, अगदी वेगवेगळ्या प्रोसेसरच्या बाजूला असल्या तरी.

जुन्या डीडीआर३ च्या स्टिकरवर पीसी३एल-१२८००आर अशा धर्तीचं काहीतरी दिसेल. इथला १२८०० हा सेकंदाला किती एमबी त्याचा आकडा आहे. त्याला आठने भागलं की १६०० हा वेग मिळतो. १०६०० म्हणजे १३३३, १४९०० म्हणजे १८६६. 'पीसी३' नंतरचा 'एल' १.३५ व्होल्टचा, आणि शेवटी येणारा 'एल' एलआरडिमचा. एकच अक्षर दोन जागी दोन अर्थांनी येतं, म्हणून कुठल्या जागी आहे ते बघून वाचा.

डीडीआर५ मध्ये आणखी एक भानगड आहे. सर्व्हरच्या आरडिम ८० बिटांच्या मिळतात आणि ७२ बिटांच्याही. याद्यांमध्ये त्या '१०×४' आणि '९×४' अशा दिसतात. त्या एकमेकींत मिसळू नका. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत चुका दुरुस्त करायची सोय असते, त्यामुळे साध्या डेस्कटॉप स्टिकलाही काही विक्रेते 'ईसीसी' म्हणून पुढे करतात. सर्व्हरला लागणारी ईसीसी वेगळी: तिच्यासाठी स्टिकवर जादा चिप असाव्या लागतात आणि प्रोसेसरपर्यंत जादा बिट जावे लागतात.

स्टिकर फाटलेला असेल तर चिप मोजा. डीडीआर४ ची दोन रँकची ×४ स्टिक असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून डेटाच्या ३६ चिप सापडतील. एक रँक ×४ ला १८, एक रँक ×८ ला ९. दोन रँक ×८ लाही १८ च, त्यामुळे नुसत्या मोजणीने या दोघी वेगळ्या काढता येत नाहीत. मधोमध एक वेगळी, छोटी चिप दिसली तर ते रजिस्टर. सोनेरी पिनांच्या वरच्या कडेने छोट्या चिपांची एक अख्खी रांग दिसली तर ती एलआरडिम. डीडीआर४ मध्ये त्या रांगेत नऊ बफर असतात. पार्ट नंबरही बोलका असतो. सॅमसंगचा एम३९३ ने सुरू होणारा नंबर आरडिमचा, एम३८६ चा एलआरडिमचा, एम३९१ चा रजिस्टर नसलेल्या ईसीसीचा. मायक्रॉनच्या एमटीए३६ मधला ३६ म्हणजे चिपांची संख्याच.

जुन्या बाजारातून घेणाऱ्यांसाठी एक इशारा. १२८ जीबीची स्टिक, दिसायला अगदी डीडीआर४ सारखी आणि किंमत संशय यावा इतकी कमी, अशी दिसली तर नाव वाचा. ती बहुधा इंटेलची ऑप्टेन पर्सिस्टंट मेमरी निघते. ती ठरावीक प्रोसेसरांवरच चालते आणि सोबत साधी डीडीआर४ लागतेच. इंटेलने २०२२ मध्ये हा धंदा गुंडाळायचं जाहीर केलं, म्हणून ती एवढ्या स्वस्तात फिरते.

आता गणित

उदाहरणाला झिऑन गोल्ड ६१३० चे दोन प्रोसेसर घेऊ. प्रत्येकाला सहा चॅनेल, चॅनेलमागे दोन स्लॉट, म्हणजे बोर्डावर २४ स्लॉट. २६६६ च्या एका चॅनेलमधून सेकंदाला साधारण २१.३ जीबी जाऊ शकतात. २६६६ ला आठ बाइटांनी गुणा, एवढाच हिशेब. सहाही चॅनेल भरले तर एका प्रोसेसरला १२८ जीबी. चारच भरले तर ८५. दोन भरले तर जेमतेम ४३.

समजा मागणी आली, "२५६ जीबी करून द्या." सरळ डोकं चालवणारा माणूस ३२ च्या आठ स्टिका मागवेल. बाजूला चार-चार. मशीन कुरकुर न करता चालू होईल, पण प्रत्येक प्रोसेसरचे दोन चॅनेल रिकामे राहतील, म्हणजे बँडविड्थचा तिसरा हिस्सा गेला. या मशीनसाठी माझे आकडे १९२ किंवा ३८४: १६ च्या बारा किंवा ३२ च्या बारा. १९२ मध्ये भागत नाही आणि ३८४ ची मंजुरी मिळत नाही, असंही होतं. अशा वेळी १६ च्या बारा आणि ८ च्या बारा, एकूण २८८. प्रत्येक चॅनेलमध्ये एक मोठी, एक छोटी. सगळे चॅनेल तंतोतंत सारखे. मिश्रण असलं तरी हे मांडणीला चालतं, कारण तिला चॅनेलांचा सारखेपणा हवा असतो. एका प्रोसेसरला पाच, सात किंवा नऊ स्टिका असली मांडणी मी कधीच करत नाही. बहुतेक मशीन ती स्वीकारतात, पण मेमरीचे वेगवेगळे तुकडे पडतात आणि काही पत्ते वेगाने तर काही रेंगाळत मिळतात. पुढे "कधी कधी स्लो होतं" अशी तक्रार आली की कारण शोधणाऱ्याचा जीव जातो.

ई५ च्या मशीनला २५६ हाच सुंदर आकडा आहे: चार चॅनेल, दोन प्रोसेसर, ३२ च्या आठ. एपिक ९००४ ला दोन्ही मिळून चोवीसच्या पटीत जायचं. म्हणजे 'गोल' आकडा मशीनगणिक बदलतो. हे साहेबांना आधीच समजावून सांगितलं तर पुढची चर्चा सोपी जाते.

चॅनेलमध्ये दुसरी स्टिक घातली की काही पिढ्यांत वेग उतरतो. दुसऱ्या स्केलेबल पिढीत चॅनेलमागे एक असेल तर २९३३, दोन असतील तर सहसा २६६६. चौथ्या पिढीत ४८०० चे ४४०० होतात. त्यामुळे पुढे वाढवायचं नक्की नसेल तर मोठ्या स्टिका घेऊन चॅनेलमागे एकच ठेवणं मला बरं वाटतं. ई५ च्या काही बोर्डांवर चॅनेलमागे तीन स्लॉट असतात. तिथे तिसरा भरल्यावर वेग आणखी खाली येतो. क्षमता हाच नाइलाज असेल तरच तिथे हात घाला.

मिसळायचं असेल तर

एक साधा आरसा-नियम मी पाळते: पहिल्या प्रोसेसरच्या ज्या स्लॉटमध्ये जे आहे, दुसऱ्याच्या त्याच स्लॉटमध्ये तेच. कंपनी वेगळी असली तर हरकत नाही, क्षमता, रँक आणि प्रकार जुळायला हवा. सगळ्यात मंद स्टिकच्या वेगाने सगळं मशीन धावतं, म्हणून एक जुनी २१३३ 'वाया कशाला घालवा' म्हणून आत ठेवू नका.

एका चॅनेलमध्ये दोन असतील तर मोठी, जास्त रँकची स्टिक आधी भरायच्या स्लॉटमध्ये. तो स्लॉट बहुतेक बोर्डांवर चॅनेलच्या टोकाला, प्रोसेसरपासून लांबचा असतो. टोक उघडं राहिलं तर तिथून सिग्नल परत उलटतो, म्हणून आधी टोक भरायचं. रँकलाही मर्यादा आहे. ई५ मध्ये एका चॅनेलवर आठ रँक चालतात, त्यामुळे चार रँकच्या साध्या आरडिम तीन-तीन बसणार नाहीत. एलआरडिम तिथेच कामी येते.

×४ आणि ×८ एकत्र चालतात का, हे मशीन बनवणाऱ्यावर अवलंबून आहे. काही चालवून घेतात, काही साफ मना करतात. निवड हातात असेल तर मी ×४ घेते, कारण एक अख्खी चिप मेली तरी मशीन तगवणारी सोय तिच्यावर पूर्ण चालते. आणि कुणी मिररिंग (मेमरीतल्या प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवणं) चालू ठेवलं असेल तर दिसणारी मेमरी निम्मी होते. "५१२ टाकली, २५६ च दिसते" यामागे कित्येकदा तेवढंच असतं.

खरेदीआधी मशीनच्या मॅन्युअलमधला मेमरी भरण्याचा तक्ता उघडा. त्यात किती स्टिका असतील तर कुठल्या स्लॉटमध्ये घालायच्या ते स्पष्ट दिलेलं असतं, आणि माझ्या या सगळ्या नियमांपेक्षा तो मोठा. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा पार्ट नंबर आणि चिप बनवणाऱ्या कंपनीचा पार्ट नंबर वेगळे असतात; ऑर्डरमध्ये दोन्ही लिहा. काही सर्व्हर आपल्या शिक्क्याची मेमरी नसेल तर चालू होताना सूचना दाखवतात. स्टिक बाकी सगळ्या बाबतीत जुळत असेल तर सहसा कामात फरक पडत नाही, पण मशीन वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या. आणि त्याच पार्ट नंबरची एक स्टिक जादा मागवा. पुढे एखादी मेली तर तंतोतंत तशीच शोधत बसण्यापेक्षा ती कपाटात असलेली बरी.

बसवणं

आधी बॅकअप, मग बायोस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) आणि व्यवस्थापन फर्मवेअर (आयड्रॅक, आयएलओ यांचं) अद्ययावत करणं, मग शटडाउन. बायोस आधी अशासाठी की जुन्या बायोसला नव्या, दाट चिपांच्या स्टिका कधी कधी ओळखूच येत नाहीत.

दोन्ही पॉवर केबल काढा. दोन्ही. एक राहिली तर बोर्डावर वीज खेळत असते. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, बोर्डावरचे दिवे विझू द्या. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा लावून तो चॅसिसच्या उघड्या धातूला जोडा. झाकण, मग हवा वळवणारं प्लास्टिकचं आवरण काढा. ते कसं बसलं होतं त्याचा फोटो काढून ठेवा. हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारे धातूचे ठोकळे) तापलेले असतात, हात सांभाळा.

स्लॉटची नावं बोर्डावर छापलेली असतात आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला असतो. डेलच्या मशीनमध्ये ए१, ए२ पहिल्या प्रोसेसरचे, बी१, बी२ दुसऱ्याचे. पांढऱ्या कानांचे स्लॉट आधी, काळे नंतर. सुपरमायक्रोवर पी१, पी२ असं प्रोसेसरचं नाव आधी आणि मग चॅनेलचं अक्षर. आधी भरायचे स्लॉट बहुधा निळे. रंग बघून काम सुरू करा, पण नाव वाचूनच स्टिक घाला. दुसऱ्या प्रोसेसरकडचा क्रम कित्येक बोर्डांवर आरशासारखा उलटा फिरतो, आणि डावीकडून मोजणारा हमखास चुकतो.

स्टिक दोन्ही टोकांच्या कडांना धरा. सोनेरी पिनांना आणि चिपांना बोट लावू नका. स्लॉटचे दोन्ही कान पूर्ण बाहेर. खाच जुळवा, स्टिक खोबणीत सरळ उभी राहू द्या, मग दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून एकसारखा दाब द्या. कान आपोआप आत येऊन टक असा आवाज करतात, आधी एक, लगेच दुसरा. कान हाताने ढकलून बंद करावे लागले तर स्टिक पूर्ण गेलेली नाही, बाहेर काढून पुन्हा घाला. डीडीआर४ ची खालची कड मधे थोडी खाली उतरलेली असते, त्यामुळे मधला भाग आधी टेकतो आणि टोकं नंतर. नवख्याला वाटतं स्टिक वाकडी आहे. तशी नसते. सगळ्या बसल्यावर डोळा बोर्डाच्या पातळीवर आणून रांगेवरून नजर फिरवा. एखादी केसभर जरी वर असली तरी लगेच दिसते.

रिकाम्या स्लॉटमध्ये प्लास्टिकच्या खोट्या पट्ट्या असतील तर त्या काढून फेकू नका. हवा सगळ्या स्टिकांवरून सारखी जावी म्हणून त्या दिलेल्या असतात. हवेचं आवरण परत बसवल्याशिवाय मशीन चालू करू नका, 'फक्त टेस्टसाठी' सुद्धा नाही.

पहिल्यांदा चालू करताना

पडदा काळा राहील. मोठ्या मेमरीच्या मशीनवर हे काही मिनिटं चालतं, कारण प्रोसेसर प्रत्येक स्टिकशी वेळेचं गणित जुळवत असतो. पंखे जोरात, पडद्यावर काही नाही, अशा वेळी घाबरून केबल ओढणारे मी पाहिलेत. तसं केलं की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून सुरू. व्यवस्थापन पोर्टवर (आयड्रॅक, आयएलओ) लॉगिन करून तिथली प्रगती बघत बसा.

चालू झाल्यावर सुरुवातीला केलेल्याच तपासण्या पुन्हा करा. एकूण आकडा, दोन नोडांची वाटणी, प्रत्येक स्टिकचा प्रत्यक्ष वेग, ईसीसीचा प्रकार. मग मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ प्लस या प्रोग्रॅमची किमान एक पूर्ण फेरी. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून तो सगळे कोर वापरतो. तरी मेमरी भरपूर असेल तर रात्रभर लावून ठेवायचं काम आहे.

स्टिक दिसत नसेल तर

आधी कुठली दिसत नाही ते स्लॉटच्या नावासकट टिपा. व्यवस्थापन पोर्टच्या इव्हेंट लॉगमध्ये ते सहसा लिहिलेलं असतं. ती स्टिक काढून पुन्हा बसवा. तरी नाही? दुसऱ्या, चालू असलेल्या स्लॉटमधल्या स्टिकबरोबर तिची अदलाबदल करा. दोष स्टिकबरोबर सरकला तर स्टिक खराब. दोष स्लॉटवरच राहिला तर स्टिकला दोष देणं थांबवा आणि प्रोसेसरकडे वळा.

हा भाग लोक विसरतात. मेमरीचे सिग्नल प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिनांमधून जातात. एक पिन वाकली किंवा पेस्टचा (प्रोसेसर आणि हीटसिंकमध्ये लावतात तिचा) कण तिथे अडकला, की एक चॅनेल पूर्ण गायब होतो आणि बाकीचं मशीन मात्र ठणठणीत दिसतं. हीटसिंकचे स्क्रू असमान घट्ट झाले असतील तरी हेच. स्क्रूचा क्रम हीटसिंकवर आकड्यांनी छापलेला असतो, तो पाळा. प्रोसेसर उचललात तर सॉकेटमध्ये टॉर्च तिरपी धरून बघा: पिना सरळ असतील तर सगळ्या एकाच कोनात चमकतात, वाकलेली त्या चमकेत काळा ठिपका म्हणून उठून दिसते. पुन्हा बसवताना जुनी पेस्ट पुसून नवी लावा.

सगळं दिसतंय, चालतंय, तरी पहिला आठवडाभर दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा बघत राहा. लिनक्सवर रासडेमन चालू ठेवलं की तो स्लॉटप्रमाणे नोंद करतो. एखाद-दुसरी सुटी चूक मी सोडून देते. एकाच स्टिकवर आकडा रोज चढत असेल तर ईसीसीने सांभाळून घेतलंय म्हणून थांबत नाही. कपाटातली जादा स्टिक काढते, वॉरंटीचा अर्ज भरते आणि पुढच्या देखभालीच्या वेळेत ती बदलून टाकते. अर्जासोबत स्लॉटचं नाव, पार्ट नंबर, सिरीयल नंबर आणि लॉगची ती पानं जोडा. अदलाबदल करून पाहिल्याचं त्यात लिहिलेलं असलं की "एकदा स्लॉट बदलून बघा" हे उत्तर येण्यात जाणारा एक दिवस वाचतो.